अलॉय चाकं तीन हजारांत नवी? रंगाच्या दुकानातल्या सामानाची आणि कोटिंगवाल्यांची झाडाझडती

गाडी आठ-दहा वर्षांची झाली की इंजिनाआधी मॅगव्हीलचं, म्हणजे अलॉय चाकाचं, वय दिसू लागतं. कडेची लॅकर (रंगावरचा पारदर्शक थर) पिवळी पडून तिचे पोपडे सुटतात, खालून पांढऱ्या किड्यांसारख्या नागमोडी रेषा सरकत जातात, आणि पुढच्या दोन चाकांच्या आऱ्यांत ब्रेकची काजळी अशी बसते की साबणाला दाद देत नाही. नाशिकमध्ये अशा चाकांना तीन वाटा आहेत. सामान आणून घरी रंगवणं, सातपूर-अंबडच्या पावडर कोटिंगवाल्याकडे (कोरडी रंगपूड मारून भट्टीत भाजणाऱ्याकडे) टाकणं, किंवा ओळखीच्या डेंटर-पेंटरला देणं. निकाल आधीच सांगतो: घासकाम स्वतः करा, शेवटचा पारदर्शक हात पेंटरकडून पीयूचा (पॉलियुरेथेनचा) मारून घ्या, आणि ‘पाच मिनिटांत चकाचक’ म्हणणाऱ्या बाटलीला लांबून नमस्कार करा.

सामान घेण्याआधी चाकावर काय आहे ते ओळखायला हवं. पांढऱ्या सुती फडक्यावर हरभऱ्याएवढं मेटल पॉलिश घ्या आणि आऱ्याच्या सपाट भागावर दहा-बारा वेळा घासा. फडकं काळं झालं तर धातू उघडा आहे. पांढरंच राहिलं तर वर लॅकर शाबूत आहे, आणि अशा चाकावर मेटल पॉलिश म्हणजे पैसे पाण्यात. तिथे गाडीच्या बॉडीला वापरतात ते रबिंग कंपाउंड चालतं. ही साधी परीक्षा न केल्यामुळे निम्म्या पॉलिशच्या ट्यूब वाया जातात.

चाकाच्या तोंडावर जुन्या तबकडीसारख्या बारीक गोल रेषा दिसत असतील तर ते डायमंड कट आहे, म्हणजे लेथवर कापलेलं. हाताने घासपेपर मारला की त्या रेषा गेल्या, आणि त्या परत आणायला सीएनसी (संगणकावर चालणारा) लेथच लागतो. प्रत्येक कापाला थोडा धातू जातो, त्यामुळे तो उद्योग एका चाकावर पुन्हापुन्हा करता येत नाही. कमी खर्चात करायचं तर डायमंड कटचा मोह सोडून पूर्ण चाक सिल्व्हर किंवा गनमेटल करणं शहाणपणाचं.

तडा पाहणं मात्र चुकवू नका. सिंहस्थाच्या कामांनी उकरलेल्या रस्त्यांवर चाकाची आतली कड आधी मार खाते आणि ती बाहेरून दिसत नाही. चाक धुऊन कोरडं करा, आतल्या बाजूला रॉकेल लावून पंधरा मिनिटं थांबा, कोरडं पुसा आणि पांढऱ्या खडूची पूड चोळा. तडा असेल तर त्यात शिरलेलं रॉकेल बाहेर झिरपून खडूवर ओली रेघ उमटते. आऱ्याला किंवा टायर बसतो त्या कडेला अशी रेघ दिसली तर रंगाचा खर्च करू नका, चाक भंगारात टाका. वाकलेली कड गॅसने तापवून हातोड्याने सरळ करून देणारे भेटतात. त्यांच्याकडे जाऊ नका. ओतीव अलॉयला कारखान्यात उष्णतेची प्रक्रिया करून ताकद दिलेली असते, आणि गॅसच्या ज्वाळेखाली ती ताकद नेमकी त्याच जागी उतरते.

धुण्याचं सामान

सगळ्यात कमी खर्चात सगळ्यात जास्त फरक इथे पडतो. गाडीचा शाम्पू, बादली, दाढीचा जुना ब्रश आणि दात घासायचा ब्रश एवढ्याने वरची घाण निघते. डांबराच्या ठिपक्यांना रॉकेल किंवा मिनरल टर्पेंटाइन. ब्रेकची काजळी वेगळी असते: तिच्यात लोखंडाचे गरम कण असतात, ते लॅकरमध्ये रुततात आणि तिथेच गंजतात. त्यांच्यासाठी ‘आयर्न रिमूव्हर’ म्हणून फवारणीची बाटली मिळते. मारल्यावर दोन-तीन मिनिटांत जांभळे ओघळ सुटतात आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. दोन्ही गोष्टी औषध काम करत असल्याची खूण आहेत. ऊन नसताना, थंड चाकावर मारा आणि वाळू देऊ नका. अर्धा लिटरमध्ये चार चाकं दोनदा होतात. महाग वाटलं तरी हे पैसे वसूल आहेत.

टॉयलेट क्लीनर आणि फरशीचं ॲसिड यांना शून्य गुण. हायड्रोक्लोरिक ॲसिड काजळी काढतं हे खरं, पण लॅकरच्या फटीतून आत शिरून अ‍ॅल्युमिनियम खातं, आणि पांढरे किडे दुप्पट वेगाने पसरतात. ब्रेकच्या डिस्कवर उडालं तर दुसऱ्या दिवशी डिस्क नारिंगी. कॉस्टिकही तितकंच वाईट. अ‍ॅल्युमिनियमवर पडताच बुडबुडे येऊ लागतात, म्हणजे धातू विरघळतोय.

दिंडोरी, निफाड, पिंपळगावकडे बागेत जाणाऱ्या गाड्यांना आणखी एक रोग असतो. बोर्डो मिश्रणात (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) मोरचूद जास्त झालं का हे पाहायला विळा बुडवतात, आणि पात्यावर तांबूस थर आला की आणखी चुना घालतात, हे बागायतदारांना सांगायला नको. लोखंडावर तांबं बसतं तसंच ते अ‍ॅल्युमिनियमवरही बसतं. लॅकर फुटलेल्या जागी तांब्याचा कण, अ‍ॅल्युमिनियम आणि ओलावा मिळून छोटी बॅटरी तयार होते आणि धातूला टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. फवारणीच्या दिवसांत बागेतून आल्यावर त्याच संध्याकाळी चाकांवर साधं पाणी मारा. बोअरच्या पाण्याने धुतलंत तर पुसून कोरडंही करा, नाहीतर क्षारांचे गोल डाग राहतात.

घासकाम: इथे घाई केली की सगळं गेलं

चार १४-१५ इंची चाकांसाठी वॉटर पेपर असे घ्या: १८० नंबरचे तीन, ३२०चे सहा, ६००चे सहा, १०००चे चार. लाकडाचा साधा पॉलिश पेपर नको, तो ओला झाला की विरघळतो. एका शीटला पंधरा-वीस रुपये धरा. चांगल्या आणि सुमार पेपरात पाच रुपयांचा फरक असतो, आणि सुमार पेपरची वाळू पहिल्या दहा मिनिटांत बादलीच्या तळाशी जाते.

पेपरच्या आधी टायर पॉलिशचा बंदोबस्त करायचा. त्यातलं सिलिकॉन हा रंगाचा सगळ्यात मोठा शत्रू. ते राहिलं की रंग मारताच गोल गोल खड्डे उघडतात. पेंटर त्याला फिश आय म्हणतात. भांड्याच्या साबणाने दोनदा धुवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, आणि मगच पेपरला हात लावा. उलट क्रमाने केलं तर सिलिकॉन ओरखड्यांत भरलं जातं आणि निघता निघत नाही. पेट्रोलने पुसणारे बरेच आहेत. त्याने तेलकट पापुद्रा राहतो आणि आगीची भीती ती वेगळीच.

जिथे पोपडे सुटलेत तिथे १८० ने सुरुवात. पांढरे किडे दिसतात तिथे थांबायचं नाही, त्यांच्या टोकापुढे किमान एक सेंटिमीटर शाबूत वाटणारी लॅकरही काढायची, कारण गंज दिसतो त्याच्या पुढे गेलेला असतो. मग ३२० ने जुन्या रंगाची कड उतरती करायची. डोळे मिटून उघड्या धातूवरून रंगाकडे नख ओढा. नखाला पायरी लागली तर प्राइमरच्या तीन हातांनंतरही ती दिसणार. नख अडखळलं नाही पाहिजे. एका चाकाला या कामात दीड-दोन तास जातात, आणि आऱ्यांच्या बेचक्यात पेपरची गुंडाळी करून बोटांनीच घासावं लागतं. ड्रिलला लावायची तारेची वाटी वापरू नका. तिचे लोखंडी कण अ‍ॅल्युमिनियममध्ये रुततात आणि महिन्याभरात रंगाखालून तांबूस ठिपके वर येतात.

पेंट रिमूव्हर जेलने काम लवकर होतं, पण ते उघड्या जागेत, रबरी हातमोजे घालून. टायरच्या रबराला लागू देऊ नका.

फुटपाथला घासलेल्या कडेला दोन भागांचा धातूमिश्रित इपॉक्सी भरा. उथळ ओरखड्याला एम-सीलही चालतं, फक्त पूर्ण सुकून दगड व्हायला एक रात्र द्या. बॉडीची पॉलिएस्टर पुट्टी घरच्या रंगाखाली निभते, पण तेच चाक पुढे पावडर कोटिंगला द्यायचं असेल तर ती भट्टीत फुगते. टायरची कड बसते त्या आतल्या पट्ट्यावर काहीही भरू नका, तिथून हवा जाते.

रंग: दुकानदार काय देतो आणि काय मागायचं

‘चाकाला प्राइमर’ म्हटलं की बरेच दुकानदार रेड ऑक्साइड काढून देतात. तो लोखंडाचा प्राइमर. अ‍ॅल्युमिनियमवर तो पावसाळ्यापर्यंत टिकतो आणि मग पापडासारखा सुटतो. मागायचं ते ‘अ‍ॅल्युमिनियमचा एच (etch) प्राइमर’. तो धातूला किंचित खाऊन धरतो. हात पातळ, एकच. त्यावर नेहमीचा राखाडी प्राइमर सर्फेसर दोन हात, मधे १० ते १५ मिनिटं. अ‍ॅल्युमिनियमवर हवेत लगेच ऑक्साइडचा थर धरतो, म्हणून शेवटचं घासणं आणि एच प्राइमर यांत शक्यतो तासाभराहून जास्त वेळ जाऊ देऊ नका. आज घासून उद्या रंगवू, हे या कामात चालत नाही. पिवळा झिंक क्रोमेटही अ‍ॅल्युमिनियमला चिकटतो, पण त्याची धूळ कर्करोगकारक आहे. घरच्या अंगणात तो घासायला आणू नका.

सर्फेसर सुकल्यावर ६०० ने ओलं घासा, मग सिल्व्हर. ४०० मिलीच्या एका डब्यात दोन चाकं नीट होतात. म्हणजे चार चाकांना एच प्राइमर एक, सर्फेसर दोन, सिल्व्हर दोन, क्लिअर (पारदर्शक हात) दोन. डब्याला दोनशे ते साडेतीनशे धरले, पेपर, टेप, इपॉक्सी आणि धुण्याचं सामान मिळवलं तर बिल तीन हजारांच्या आसपास जातं. सगळे डबे एकाच कंपनीचे घ्या. वेगळ्या जातीचा लॅकर इनॅमलवर मारला की खालचा रंग उचलून सुरकुत्या पडतात, आणि तिथून पुन्हा १८० नंबरपासून सुरुवात.

टायर काढून घेतला तर उत्तमच. नाहीतर पत्त्यांचा जुना कॅट कामाला येतो: टायरची थोडी हवा सोडायची आणि रिमची कड व टायर यांच्या फटीत एकेक पत्ता एकावर एक चढवत गोल खोवायचा. मास्किंग टेपपेक्षा कड स्वच्छ येते, कारण पत्ता कडेच्या खाली जातो आणि टेप कडेवरच थांबते. फवारा २०-२५ सेंटिमीटरवरून, हात चाकाच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवायचा. पहिला हात नुसती भुरभुर. झाकलं जाईपर्यंत मारत बसलात की आऱ्यांच्या मुळाशी ओघळ येणार.

हवामानाचंही गणित आहे. जुलै ते सप्टेंबर हे काम नको. ओल्या हवेत क्लिअर दुधाळ पडतो. डिसेंबर-जानेवारीत सकाळी फवारणी नको, दुपारी करा, आणि डबा पाच मिनिटं कोमट पाण्यात ठेवा. कोमट, उकळतं नाही. मे महिन्याच्या दुपारी रंग हवेतच सुकून खरखरीत बसतो. ऑक्टोबरची अखेर आणि फेब्रुवारी हे दोन चांगले मोसम.

आता क्लिअरचं खरं दुखणं. डब्यातला साधा क्लिअर हा या सामानातला सगळ्यात कच्चा दुवा. दिसायला छान, पण पेट्रोलच्या फडक्याने मऊ पडतो आणि कसारा घाट उतरताना तापलेल्या ब्रेकचे कण त्यात सहज रुततात. वर्ष-दीड वर्षात चमक जाते. डब्याच्या बुडाला खटका असलेला, आत हार्डनर असलेला टू-के क्लिअर याच्या कितीतरी पुढे आहे, पण एका डब्याचे हजाराच्या वर जातात आणि खटका दाबल्यावर एक-दोन दिवसांत तो डबा आतच घट्ट होतो, उरलेला ठेवता येत नाही. त्यात आयसोसायनेट असतं. कापडी रुमाल किंवा करोनाच्या काळातला मास्क अजिबात पुरत नाही, वाफ गाळणाऱ्या काडतुसाचा (कार्ट्रिजचा) मास्क हवा आणि जागा मोकळी हवी. हे जमत नसेल तर इथे थांबा आणि पुढचं पेंटरला द्या.

पेंटरचा पीयू क्लिअर हार्डनर मिसळूनच असतो आणि दुसऱ्या गाडीचं काम चाललेलं असतानाच चार चाकं मधे टाकली तर तो स्वस्तात मारून देतो, कारण गन भरलेलीच असते. सिल्व्हरपर्यंतचं तुमचं काम त्याला दाखवा. डब्यातल्या रंगावर पीयू धरेल की उचलेल हे त्याने एका कोपऱ्यात मारून पाहिलं पाहिजे. जो पेंटर न पाहता ‘होऊन जाईल’ म्हणतो, त्याच्याकडे देऊ नका. सर्वांत भरवशाचं म्हणजे चाकं सर्फेसरवर ६०० ने घासून न्यायची आणि सिल्व्हरही त्याच्याकडूनच मारून घ्यायचा.

आरशासारखी चमक हवी असेल तर

उघड्या अ‍ॅल्युमिनियमची चमक वेगळीच, पण तिची चाकरी करावी लागते. ६००, ८००, १०००, १५००, २००० असे पेपर ओलेच, प्रत्येक नंबरला आधीच्या दिशेच्या आडवे मारायचे. आधीच्या नंबरचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढे गेलात तर ते शेवटी आरशात तारेसारखे चमकतात. मग ड्रिलवर कापडी मॉप आणि तपकिरी बफिंग साबण, त्यानंतर वेगळ्या मॉपवर पांढरा साबण. हा साबण पितळी भांड्यांच्या बफिंगला लागतो तोच. भांडी बाजारात विचारलं तरी कुठे मिळतो ते कळतं. एकाच मॉपवर दोन साबण लावू नका. शेवटी हाताने ऑटोसोलची ट्यूब, चार चाकांना निम्मी पुरते. तिला चांगले गुण: कापते बारीक आणि बेचक्यात पांढरी पूड कमी सोडते. ब्रासो पितळेचा, त्यात अमोनिया आहे, काळपटपणा काढतो, पण नटांच्या खाचांत राहिला तर डाग पडतो, म्हणून लगेच धुवा.

पेच असा की या चमकीवर क्लिअर मारला तर तो धरत नाही, गुळगुळीत धातूवर त्याला पकडच मिळत नाही. आणि न मारला तर पहिल्या पावसात चाक राखाडी. वॅक्स किंवा सीलंट दर दोन-तीन महिन्यांनी, त्र्यंबक-इगतपुरीकडे रोज जाणाऱ्याला पावसाळ्यात दर महिन्याला. रविवार हौसेने घालवणाऱ्यानेच या वाटेला जावं.

पावडर कोटिंगवाला

टिकाऊपणात हाच पहिला. सातपूर-अंबडमध्ये कारखान्यांचे सुटे भाग करणारे कोटिंगवाले भरपूर आहेत, चार चाकं त्यांच्यासाठी किरकोळ काम. म्हणूनच दोन गोष्टी घडतात: भाव एका चाकाला हजार-दीड हजारापर्यंत सांगितला जातो, आणि ज्या दिवशी जो रंग चालू असेल त्यात तुमची चाकं टाकली तर तोच भाव उतरतो. सिल्व्हरला आरएएल ९००६ असं नंबराने सांगा, ‘साधा सिल्व्हर’ म्हटलं तर खिडकीच्या ग्रिलचा रंग येतो.

टाकण्याआधी विचारायचं ते हे. जुना रंग कशाने काढता? काचेचे मणी किंवा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड चालेल, लोखंडी छर्रे नकोत. चाक कोटिंगच्या आधी नुसतं एकदा भट्टीत तापवता का? ओतीव धातूच्या छिद्रांत अडकलेली हवा आणि तेल तेव्हाच निघतं, नाहीतर ते पावडरमधून बाहेर पडतं आणि टाचणीने टोचल्यासारखी भोकं राहतात. भट्टी किती? १८० ते २०० अंश, दहा-पंधरा मिनिटं पुरेत. तासभर ठेवणाऱ्याकडे किंवा तिसऱ्यांदा तेच चाक भाजणाऱ्याकडे नको, धातूची ताकद कमी होते. नटाच्या शंकूच्या खाचा आणि हबला टेकणारा सपाट भाग झाकणार का? इथे पावडरचा जाड थर राहिला तर नट त्या थरावर आवळला जातो, थर दबतो आणि नट ढिला पडतो. ‘झाकायला वेळ लागेल’ असं उत्तर आलं तर वाढीव पैसे द्या किंवा दुसरीकडे जा. टायर, व्हॉल्व्ह, बॅलन्सिंगची जुनी वजनं आणि हवेच्या दाबाचा सेन्सर असेल तर तोही आधी काढायचा.

चाक टांगायच्या हुकाचा डाग कुठे येणार हेही सांगून ठेवा, आतल्या बाजूला येऊ दे.

परत बसवताना टायरवाल्याला नवे रबरी व्हॉल्व्ह घालायला सांगा, आणि वजनं कडेला ठोकायची नाहीत, आतून चिकटवायची. जिथे चिकटवणार तिथला रंग आधी अल्कोहोलने पुसा. साधा क्लिअर असेल तर किमान २४ तासांनी टायर चढवा. मशीनच्या जबड्याला प्लास्टिकचं कव्हर आहे का ते डोळ्यांनी पाहा, नाहीतर दोन दिवसांच्या घासकामावर पहिलाच ओरखडा तिथे पडतो. हबवरचा गंज तारेच्या ब्रशने काढून चाक लावा, नट चांदणीच्या क्रमाने आवळा. छोट्या गाड्यांना साधारण ८५ ते ११० न्यूटन मीटर लागतं, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. इम्पॅक्ट गनने शेवट करू देऊ नका, पान्याने करा, आणि ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा तपासा. आयर्न रिमूव्हरला पहिला महिना सुट्टी; तोवर पाणी आणि शाम्पू.